हेलिकॉप्टरच्या माथ्यावरची बिजागरी : हुआन दे ला सिएर्वा आणि मोकळ्या पात्यांचा इतिहास

१/
जानेवारी १९२३. माद्रिदजवळच्या हेताफे येथील मैदानावर एक विचित्र यंत्र उभे होते. जुन्या विमानाचा सांगाडा, नाकावर नेहमीचा पंखा, आणि माथ्यावर चार लांब पात्यांचे एक आडवे चक्र. त्या पात्यांकडे जवळून पाहणाऱ्या कुठल्याही अभियंत्याला धडकीच भरली असती, कारण ती मधल्या खांबाला घट्ट बसवलेली नव्हती. दाराला असते तशी एक बिजागरी प्रत्येक पात्याच्या मुळाशी होती आणि पाते तिच्यावर वर-खाली मोकळे हलत होते. ज्या पात्यांवर माणसाचा जीव टांगायचा, ती पाती मुद्दाम सैल ठेवलेली होती.

२/
हा धागा त्या बिजागरीचा आहे. उड्डाणाचा इतिहास बहुधा इंजिनांचा, पंखांचा आणि धाडसी वैमानिकांचा म्हणून सांगितला जातो. पाती ज्या जागी खांबाला येऊन मिळतात, त्या जागेकडे फारसे कोणी पाहत नाही. अभियंते तिला ‘हब’ म्हणतात. चाकाच्या मधल्या भागाला आपल्याकडे ‘नाभी’ म्हणतात, तीच ही. यंत्र उडेल की उलटेल, वैमानिकाचे ऐकेल की नाही, आणि संकटात त्याला वाचवील की मारील, हे मोठ्या अंशी या वीतभर जागेत ठरते.

३/
बिजागरी बसवणारा माणूस होता हुआन दे ला सिएर्वा. जन्म १८९५, दक्षिण-पूर्व स्पेनमधील मुर्सिया. वडील स्पेनच्या राजकारणातील वजनदार नेते, युद्धमंत्रिपद भूषवलेले. मुलाला मात्र आकाशाचे वेड. १९१२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास, त्याने दोन मित्रांच्या साथीने एक विमान बांधले आणि ते उडालेही. त्याच्या लाल रंगामुळे लोक त्याला ‘खेकडा’ म्हणत. पुढे सिएर्वा माद्रिदमध्ये स्थापत्य अभियंता झाला. पूल, रस्ते, बांधकामे यांचे शास्त्र शिकलेल्या या तरुणाच्या दृष्टीने सांधा म्हणजे पक्का सांधा. हे ध्यानात ठेवावे, कारण त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा धडा याच्या नेमका उलट होता.

४/
१९१९ मध्ये त्याने लष्करासाठी तीन इंजिनांचे मोठे बॉम्बफेकी विमान तयार केले. चाचणीच्या वेळी वैमानिकाने जमिनीलगत वळण घेताना वेग कमी होऊ दिला आणि विमान कोसळले. वैमानिक बचावला, विमान मात्र संपले. कारण होते ‘स्टॉल’. विमानाचा पंख हवा कापत पुढे जातो तोवरच उचल देतो. वेग एका मर्यादेखाली आला की पंखावरचा वारा विस्कटतो आणि उचल नाहीशी होते. त्या काळी कितीतरी वैमानिक असेच गेले. सिएर्वाने वैमानिकाला दोष देऊन विषय मिटवला नाही. त्याने प्रश्नच बदलला : विमान मंदावले तरी पंख मंदावणार नाही, असे काही करता येईल का?

५/
उत्तर होते फिरता पंख. माधवीलतेचे पंखधारी फळ वेलीवरून सुटले की गरगरत, सावकाश खाली येते. त्याला इंजिन नसते. खालून येणारा वाराच त्याला फिरवतो आणि त्या फिरण्यातूनच आधार निर्माण होतो. सिएर्वाने याच तत्त्वावर ‘ऑटोगायरो’ कल्पिला. नाकावरचा पंखा यंत्राला पुढे ओढणार आणि माथ्यावरचे चक्र केवळ वाऱ्याने फिरणार. इंजिन बंद पडले तरी चक्र थांबणार नाही, कारण इंजिनाशी त्याचा संबंधच नाही. वेग शून्याजवळ आला तरी पाती आपल्या वेगाने फिरतच राहतील आणि यंत्र दगडासारखे न पडता तरंगत उतरेल. कागदावर सारे निर्दोष होते.

६/
मैदानावर मात्र सारे फसले. १९२० ते १९२२ या काळात त्याने बांधलेली पहिली तीन यंत्रे वेग घेताच एका बाजूला कलंडत. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. पाती मोडत, दुरुस्ती होई, यंत्र पुन्हा धावे आणि पुन्हा कलंडे. खर्च बराचसा घरचा होता. आणि प्रत्येक वेळी कलंडण्याची बाजू तीच असल्याने हा योगायोग नाही, हेही स्पष्ट होते.

७/
कारण साध्या अंकगणितात आहे. समजा पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २०० मीटर आहे आणि यंत्र सेकंदाला ५० मीटर वेगाने पुढे जात आहे. एका बाजूचे पाते प्रवासाच्या दिशेने पुढे सरकत असते. त्याला समोरचा वारा मिळून २५० चा वेग जाणवतो. दुसऱ्या बाजूचे पाते मागे सरकत असते; त्याला १५० चाच वेग मिळतो. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २५० चा वर्ग ६२,५०० आणि १५० चा वर्ग २२,५००. म्हणजे कोन सारखाच असेल, तर एका टोकाची उचल दुसऱ्याच्या पावणेतीन पट! नाभी घट्ट असेल तर ही सारी विषमता खांबातून थेट सांगाड्यात उतरते आणि यंत्राला आडवे करते.

८/
सिएर्वाने एकेक उपाय करून पाहिले. पहिल्या यंत्रात एकावर एक अशी दोन चक्रे परस्परविरुद्ध फिरवली; एकाची तूट दुसरे भरून काढील ही अपेक्षा. पण वरच्या चक्राने ढवळलेल्या हवेत खालचे मंद फिरू लागले आणि हिशेब जुळेना. पुढे तीन पात्यांचे आणि पाच पात्यांचे चक्र करून पाहिले. पात्यांना पीळ देऊन पाहिला. या सर्व प्रयत्नांमागे एकच गृहीतक होते : नाभी भक्कम हवी आणि तोल वरून आणायला हवा. गृहीतक इतके स्वाभाविक होते की ते गृहीतक आहे हेच दिसत नव्हते.

९/
एक कोडे मात्र त्याला स्वस्थ बसू देईना. त्याने बनवलेले छोटे नमुने व्यवस्थित उडत. आकार तोच, तत्त्व तेच. मग मोठे यंत्र का कलंडते? फरक होता साहित्यात. नमुन्याच्या पात्यांचा कणा वेताचा होता. मोठ्या यंत्राच्या पात्यांचा पोलादाचा. वेत वाकत होता, पोलाद वाकत नव्हते. नमुन्यातील लवचीकता ही आजवर कच्चेपणा म्हणून दुर्लक्षिली गेली होती. खरे तर नमुना तिच्याच बळावर उडत होता. इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थोडे थांबावे. तीन अपयशांतून जे कळले नाही, ते ‘हे यशस्वी का झाले?’ या प्रश्नातून कळले.

१०/
म्हणून आली बिजागरी. आता वाऱ्याला सामोरे जाणाऱ्या पात्याची उचल वाढली की ते सांगाड्याला उलटवत नाही. स्वतःच वर उसळते. वर जाताना त्याला वरून खाली येणारा वारा जाणवतो, त्यामुळे हवेशी होणारा त्याचा कोन घटतो आणि उचल आपोआप कमी होते. मागे सरकणारे पाते खाली येते. त्याचा कोन वाढतो आणि उचल भरून निघते. कोणी नियंत्रण करीत नाही, कुठली दोरी ओढावी लागत नाही. प्रत्येक फेरीत प्रत्येक पाते आपापला तोल स्वतः साधते. आणि बिजागरीतून वळसा पुढे जाऊ शकत नसल्याने खांबापर्यंत पोहोचते ती केवळ वर ओढणारी शक्ती.

११/
मग सैल पाती वरच्या वर छत्रीसारखी मिटून का जात नाहीत? गोफण आठवावी. दोरी मऊ असते, पण फिरू लागली की दगड तिला ताणून सरळ करतो. फिरत्या पात्यावरही असेच बाहेर ओढणारे अपकेंद्री बल असते. आजच्या हेलिकॉप्टरांत ते प्रत्येक पात्यावर काही टनांचे असते. उचल पात्याला वर ओढते, हे बल त्याला आडवे ताणते आणि दोहोंच्या ओढाताणीत पाते किंचित वर कललेल्या स्थितीत स्थिरावते. उडत्या हेलिकॉप्टरची पाती उथळ शंकूसारखी दिसतात ती यामुळेच. पात्याचा ताठपणा पोलादात नसून फिरण्यात आहे, हे सिएर्वाला उमगले होते.

१२/
पुन्हा हेताफेच्या मैदानावर. त्या जानेवारीत लष्करी वैमानिक आलेहांद्रो गोमेझ स्पेन्सर याने ‘सी-४’ नावाचे हे यंत्र उडवले आणि ते कलंडले नाही. काही दिवसांनी उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले. नेहमीचे विमान त्या उंचीवर अशा अवस्थेत बहुधा कोसळलेच असते. सी-४ सावकाश खाली आले आणि सुखरूप टेकले. महिनाअखेरीस कुआत्रो व्हिएंतोस येथे त्याने चार किलोमीटरची बंद फेरीही पूर्ण केली. १९१९ च्या अपघाताने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साडेतीन वर्षांनी मिळाले होते.

१३/
इथे एक सावधगिरी. पात्याला बिजागरी द्यावी ही सूचना फ्रान्सच्या शार्ल रनार याने १९०४ मध्येच मांडली होती. त्यानंतरही काहींनी ती कागदावर आणली. त्यामुळे ‘पहिला विचार कोणाचा’ या शर्यतीत सिएर्वा जिंकत नाही. त्याचे श्रेय वेगळे आहे. त्याने बिजागरी प्रत्यक्ष बांधली, तिच्यावर माणूस उडवला आणि त्यानंतर जी नवी संकटे उभी राहिली त्यांचा एकेक करून पाठपुरावा केला. कल्पना आणि यंत्र यांच्यामधील अंतर बहुतेक वेळा अशा चिकाटीनेच कापले जाते.

१४/
संकटे लवकरच आली. १९२५ मध्ये इंग्लंडमधील फार्नबरो येथे प्रात्यक्षिके झाली, ब्रिटिश अधिकारी प्रभावित झाले आणि १९२६ मध्ये स्कॉटिश उद्योगपती जेम्स वीअर यांच्या पाठबळावर तिथे सिएर्वाची कंपनी उभी राहिली. आरंभीच्या त्या यंत्रांत भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसा चक्राला दोर गुंडाळून, तो माणसांकडून ओढवून पाती फिरती करीत. यंत्र बाल्यावस्थेत होते, पण आता त्यावर पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही लागली होती. आणि १९२७ च्या फेब्रुवारीत हॅम्बल येथे उडत्या ऑटोगायरोचे एक पाते मुळाशी तुटले. वैमानिक फ्रँक कोर्टनी जखमी झाला, पण वाचला.

१५/
पाते का तुटले? गिरकी घेणारी नर्तकी हात जवळ घेते तेव्हा तिची गती वाढते. बिजागरीवर वर उसळणाऱ्या पात्याचेही तसेच होते : त्याचे वजन अक्षाच्या किंचित जवळ येते, म्हणून ते पुढे धावू पाहते; खाली येताना मागे रेंगाळू पाहते. हे प्रत्येक फेरीत घडते, मिनिटाला शेकडो वेळा. वर-खाली मोकळीक होती, पुढे-मागे नव्हती. त्यामुळे पात्याचे मूळ तारेसारखे पुनःपुन्हा वाकवले जात होते आणि अखेर धातू थकला. उपाय म्हणून दुसरी बिजागरी आली, उभ्या अक्षाची, जिच्यावर पाते पुढे-मागे झुलू शकेल. एक मोकळीक दिली की दुसरी द्यावी लागते, हा नाभीच्या इतिहासातील पहिला नियम.

१६/
दुसरा नियम अधिक कठोर : मोकळिकीला लगाम लागतो. पुढे-मागे झुलणारी पाती कधी एका बाजूला गोळा होतात आणि चक्राचा तोल बिघडतो. यंत्र जमिनीवर असेल, तर त्या हिसक्यांची लय चाकांच्या आणि स्प्रिंगांच्या डोलण्याशी जुळू शकते. मग झोक्याला योग्य क्षणी धक्का मिळत राहावा तसे डोलणे वाढत जाते आणि काही सेकंदांत उभे यंत्र स्वतःचे तुकडे करून घेते. यालाच ‘ग्राउंड रेझोनन्स’ म्हणतात. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या ‘नाका’ या संशोधन संस्थेत रॉबर्ट कोलमन यांनी त्याचे गणित मांडले. पात्यांच्या मुळाशी बसवलेले डँपर हा त्यावरचा मुख्य बंदोबस्त.

१७/
आता प्रश्न उरला वैमानिकाच्या हुकमाचा. आरंभीच्या ऑटोगायरोंना आखूड पंख असत आणि कलण्यासाठी त्यांच्यावरच्या झडपांचा आधार घ्यावा लागे. १९२८ च्या सप्टेंबरमध्ये सिएर्वाने स्वतः अशाच यंत्रातून लंडनहून पॅरिस गाठले, इंग्लिश खाडी ओलांडून. पण यंत्र अगदी मंद झाले की पंखांवरच्या झडपा निकामी. म्हणजे चक्र स्टॉलपासून मुक्त, पण हुकूमत मात्र जुन्या पंखांच्याच ताब्यात! १९३० च्या दशकात ‘सी-३०’ मध्ये त्याने पंख काढून टाकले आणि नाभीच तिरपी करता येईल अशी रचना केली. वैमानिकासमोर वरून लोंबणारा एक दांडा. तो जिकडे ढकलावा तिकडे चक्र झुकणार आणि यंत्र त्या दिशेने जाणार.

१८/
हेलिकॉप्टरने पुढचे पाऊल टाकले. तिथे इंजिनच चक्र फिरवते, त्यामुळे बहुतेकांत नाभी तिरपी करण्याऐवजी प्रत्येक पात्याचा कोन फेरीच्या ठरावीक टप्प्यावर बदलतात. गंमत अशी की पात्याला जिथे धक्का द्यावा तिथे ते उंचावत नाही. साधारण पाव फेरी पुढे गेल्यावर त्याची उंची सर्वाधिक होते. चक्र पुढे झुकवायचे तर कोन बाजूला असतानाच बदलावा लागतो. १९३६ मध्ये उडालेल्या जर्मन ‘एफडब्ल्यू-६१’ चा रचनाकार हाइनरिख फोके याने आधी सिएर्वाचे ऑटोगायरो परवान्याखाली बांधले होते. अमेरिकेत इगोर सिकोर्स्की यांचे ‘व्हीएस-३००’ १९३९ मध्ये जमिनीवरून उचलले गेले. दोघांच्याही यंत्रांत पात्यांच्या मुळाशी बिजागऱ्या होत्या.

१९/
सिएर्वाला हे युग पाहता आले नाही. ९ डिसेंबर १९३६ रोजी दाट धुक्यात त्याने लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून केएलएमचे प्रवासी विमान पकडले. उड्डाण होताच विमान दिशा सोडून जवळच्या घरांवर आदळले. स्वीडनचे माजी पंतप्रधान आर्विड लिंडमन यांच्यासह १५ जण मरण पावले. त्यांत ४१ वर्षांचा सिएर्वाही होता. मंद आणि सुरक्षित उतरणाऱ्या यंत्रासाठी आयुष्य वेचणारा माणूस एका नेहमीच्या, स्थिर पंखांच्या विमानात गेला. नियतीचा न्याय वगैरे म्हणण्याचे कारण नाही. त्या काळच्या हवाई प्रवासाची जोखीम हीच होती आणि ती त्याला पुरती ठाऊक होती.

२०/
त्याच क्रॉयडनची आणखी एक तारीख टाळता येत नाही. ११ जुलै १९३६ रोजी तिथून एक छोटे भाड्याचे विमान निघाले आणि पुढे त्यानेच जनरल फ्रँकोला कॅनरी बेटांवरून मोरोक्कोत पोहोचवले. स्पेनच्या यादवी युद्धाची ती नांदी होती. ते विमान मिळवून देण्यात सिएर्वाचा हात होता. युद्धाने त्याच्या घरालाही सोडले नाही; नोव्हेंबरमध्ये माद्रिदजवळच्या सामूहिक हत्याकांडात त्याचा एक भाऊ मारला गेला. मुर्सियाच्या विमानतळाला त्याचे नाव द्यावे की नाही, यावर अगदी अलीकडेही वाद झाला. पात्यांना मोकळीक देणाऱ्या हाताने हुकूमशाहीच्या वाटेलाही मदत केली. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

२१/
त्याची बिजागरी मात्र पुढे चालत राहिली आणि बदलत राहिली. अमेरिकेत आर्थर यंग नावाचा गणित शिकलेला, तत्त्वज्ञानाकडे ओढा असलेला तरुण पेनसिल्व्हेनियातील एका गोठ्यात वर्षानुवर्षे छोटे नमुने उडवत होता. १९४१ मध्ये तो बेल कंपनीत गेला. त्याने प्रत्येक पात्याची वेगळी बिजागरी काढून टाकली आणि दोन पाती तराजूच्या दांडीसारखी एकाच मध्यबिंदूवर झुलती ठेवली : एक वर गेले की दुसरे आपोआप खाली. नाभी सोपी, हलकी, स्वस्त झाली. ८ मार्च १९४६ रोजी ‘बेल-४७’ ला अमेरिकेत नागरी वापराचा परवाना मिळाला. असा परवाना मिळालेले ते पहिले हेलिकॉप्टर. कोरियाच्या युद्धात याच जातीच्या यंत्रांनी हजारो जखमींना इस्पितळात पोहोचवले.

२२/
पण तराजूच्या दांडीला एक मर्म आहे. तिच्याखाली सांगाडा गवंड्याच्या ओळंब्यासारखा लटकतो. चक्र वर ओढते आहे तोवर झुकलेल्या चक्रामागे सांगाडा येतो. वैमानिकाने चढल्यानंतर दांडा झटकन पुढे ढकलला, तर क्षणभर सारे वजनरहित होते. ओळंब्याची दोरीच सैल पडते. शेपटीचा पंखा सांगाड्याला एका बाजूला कलवू लागतो आणि वैमानिक स्वाभाविकपणे दांडा उलट बाजूला नेतो. चक्र झुकते, सांगाडा झुकत नाही. मग नाभी खांबावर आदळते आणि खांब तुटू शकतो. याला ‘मास्ट बंपिंग’ म्हणतात. व्हिएतनाम युद्धकाळातील दोन-पात्यांची अमेरिकी लष्करी हेलिकॉप्टरे अशी गमावली गेली. १९९५ पासून अमेरिकेत काही हलक्या दोन-पात्यांच्या हेलिकॉप्टरांच्या वैमानिकांना याचे विशेष प्रशिक्षण सक्तीचे आहे. धडा एका ओळीचा : आधी दांडा हळुवार मागे घेऊन चक्रावर भार आणा, मग कल सुधारा.

२३/
तिसरा मार्ग जर्मनीतून आला. १६ फेब्रुवारी १९६७ रोजी उडालेल्या ‘बीओ-१०५’ च्या टायटॅनियमच्या नाभीत वर-खाली आणि पुढे-मागे हलण्याच्या बिजागऱ्याच नव्हत्या. मग पाते हलायचे कसे? काचतंतूंनी बनवलेले पाते स्वतःच मुळाशी वाकत असे. जोड घट्ट असल्याने चक्राचा कल थेट सांगाड्याला मिळे. म्हणून हे यंत्र वैमानिकाच्या हाताला तत्काळ प्रतिसाद देई आणि हवेत कोलांटीही घेऊ शके. किंमतही होती : थरथर अधिक आणि नाभीवरचा ताण मोठा. आता पुन्हा १९२२ च्या त्या नमुन्याकडे पाहा. वेताचे वाकणारे पाते! सिएर्वाला पोलादामुळे जे सोडावे लागले, ते ४५ वर्षांनी काचतंतूंनी परत आणले.

२४/
या तिन्ही वाटा आपल्या आकाशातही दिसतात. ‘चेतक’ आणि ‘चीता’ ही फ्रेंच रचनेची, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेली यंत्रे. तीन पाती आणि बिजागऱ्यांची नाभी, म्हणजे थेट सिएर्वाचा वारसा. चीताचे मूळ असलेल्या ‘लामा’ने २१ जून १९७२ रोजी १२,४४२ मीटरची विक्रमी उंची गाठली. परतीच्या आरंभीच इंजिन विझले आणि वैमानिक झाँ बुले केवळ वाऱ्याने फिरणाऱ्या पात्यांवर जमिनीपर्यंत उतरला. २० ऑगस्ट १९९२ रोजी प्रथम उडालेले ‘ध्रुव’ हे बीओ-१०५ च्या घराण्यातील. जर्मन सहकार्याने घडलेली, बिजागरीविना नाभी. ‘सारंग’ पथकाच्या कसरती याच नाभीच्या जोरावर चालतात. मुंबईच्या जुहूवरून समुद्रातील तेलविहिरींकडे जाणाऱ्या पवनहंसच्या ‘डॉफिन’मध्ये काचतंतूंची तारकाकृती नाभी असते, जी वाकून मोकळीक देते.

२५/
म्हणजे शंभर वर्षांत बिजागरी आली, बदलली आणि काही यंत्रांतून दिसेनाशीही झाली. पण पात्याला हलू द्यावे लागते हे सत्य कोणालाही टाळता आले नाही. ही मोकळीक लोखंडी खिळीतून द्यावी, तराजूच्या दांडीतून द्यावी की तंतूंच्या लवचीकतेतून, एवढाच प्रश्न उरला. प्रत्येक उत्तराने काही जीव वाचवले आणि प्रत्येक उत्तराची मर्यादा कोणीतरी जीव देऊन दाखवून दिली. नियमावलीतील कोरड्या सूचना अशाच लिहिल्या गेल्या आहेत.

२६/
पुढच्या वेळी एखादे हेलिकॉप्टर जमिनीवर थांबलेले दिसले, तर काचेच्या केबिनकडे नंतर पाहा. आधी माथ्याकडे पाहा. पाती दोनच असतील, तर तराजूची दांडी बहुधा तिथे सापडेल. तीन किंवा अधिक असतील, तर मुळाशी खिळी आणि डँपर आहेत का, की केवळ एक जाड, गुळगुळीत जोड आहे, ते शोधा. थांबलेली पाती टोकाकडे किंचित खाली झुकलेली असतील. सी-४ च्या पात्यांना तर उभे असताना दोऱ्यांचा आधार लागे. फिरू लागली की तीच पाती आपोआप सरळ होतात आणि वजन उचलतात. धागा समाप्त.